घरातला मासा मेला, तर तो कालवणात घालायचा का?

आपल्या वस्त्यांत आता बऱ्याच घरांत मासे पाळलेले दिसतात. पोरांच्या हट्टापायी नाक्यावरच्या दुकानातून पिशवीत आणलेले दोन गोल्डफिश, बरणीतला एकुलता एक फायटर, वापराच्या पाण्याच्या पिंपात सोडलेले गप्पी. एखाद्या घरी काचेची मोठी टाकी असते आणि तिच्यात वीतभर लांबीचा ऑस्कर किंवा कपाळावर टेंगूळ असलेला फ्लॉवरहॉर्न फिरत असतो. कुणी गावाकडच्या तळ्यातून जिवंत मरळ आणतो, चार दिवस पिंपात ठेवू म्हणतो, आणि तेवढ्यात मुलांना त्याचा लळा लागतो. मग तो मासा घरचाच होतो.

आणि एके दिवशी सकाळी तो पोट वर करून तरंगताना दिसतो.

बोटाएवढा मासा असेल तर प्रश्न येत नाही. पण अर्धा-पाऊण किलोचा असेल तर घरात कुणीतरी म्हणतेच, "मासाच तर आहे. टाकून कशाला द्यायचा? स्वच्छ धुऊ, हळद-मीठ लावू, चांगला उकळू." असे म्हणणाऱ्याला हसू नये. ज्या घरांनी भूक पाहिली आहे त्या घरांना अन्न फेकवत नाही, आणि ही सवय वाईट नाही. म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर नुसते "छी" म्हणून न देता नीट कारणे सांगून द्यावे, असे आम्हाला वाटते.

थोडक्यात उत्तर असे: टाकीत आपोआप मेलेला मासा खाऊ नये. माणसाने नाही, आणि घरच्या मांजराला किंवा कोंबड्यांनाही घालू नये. का, ते पुढे पाहू.

"बाजारातला मासाही मेलेलाच असतो ना?"

हा प्रश्न अगदी बरोबर आहे, म्हणून तो आधी घेऊ. बाजारातला बांगडाही मेलेला आणि आपल्या टाकीतला मासाही मेलेला. मग फरक कुठे?

पहिला फरक कारणाचा. बाजारातला मासा जाळ्यात सापडला तेव्हा पोहत होता, म्हणजे साधारणपणे धडधाकट होता. पाण्याबाहेर काढल्यामुळे तो मेला. टाकीतला मासा पाण्यात असूनही मेला. म्हणजे त्याला काहीतरी झाले होते. रोग झाला असेल, पाण्यात विष साचले असेल, आतडी सडली असतील, नाहीतर औषध जास्त पडले असेल. नेमके काय, ते आपल्याला घरी बसून कळत नाही.

दुसरा फरक वेळेचा. कोळीण मावशीकडचा मासा पकडल्यापासून बर्फात असतो. टाकीतला मासा रात्री दहाला मेला की पहाटे पाचला, हे कुणी पाहिलेले नसते. तोपर्यंत तो कोमट पाण्यात पडून असतो.

तिसरा फरक औषधांचा आणि खाद्याचा. खाण्यासाठी वाढवलेल्या माशांना काय द्यावे आणि काय देऊ नये, याचे नियम असतात. शोभेच्या माशांना ते नियम लागत नाहीत, कारण ते कुणी खाणार आहे असे गृहीतच धरलेले नसते.

कोमट पाण्यातले आठ तास

मासा मेला की त्याचे शरीर दोन बाजूंनी खराब होऊ लागते. त्याच्या पोटातले पाचक रस, जे आतापर्यंत अन्न पचवत होते, ते आता त्याचेच मांस विरघळवू लागतात. आणि आतड्यांत, कल्ल्यांत व अंगावरच्या चिकट थरात जे जंतू आधीपासून असतात, त्यांना अडवणारे काहीच उरत नाही. माशाचे मांस बकऱ्याच्या किंवा कोंबडीच्या मांसापेक्षा सैल आणि पाणीदार असते, म्हणून ते लवकर नासते.

त्यात आपल्याकडचा उकाडा. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात टाकीतले पाणी तीस अंशांच्या आसपास सहज जाते. पाच अंश ते साठ अंश या पट्ट्यात जंतू वाढतात, आणि तिशीच्या आसपास तर झपाट्याने वाढतात. समजा एक जंतू दर अर्ध्या तासाला दुप्पट होतो. एकाचे दोन, दोनाचे चार, असे करत आठ तासांत त्या एकाचे पासष्ट हजारांहून जास्त होतात. आणि सुरुवात कधीच एका जंतूपासून होत नाही.

म्हणून "कालच तर पोहत होता, ताजाच आहे" हे म्हणणे फसवे आहे. कालची रात्र त्याने कोमट पाण्यात काढली आहे.

"चांगला उकळला तर सगळे मरते ना?"

उकळल्याने बहुतेक जंतू मरतात, हे खरे आहे. पण जंतू मेले म्हणजे मांस शुद्ध झाले असे नाही. काही जंतू वाढताना आपल्या मागे विष सोडतात. जंतू आचेवर मरतो, विष मात्र तसेच राहते.

याचे उदाहरण आपल्या ताटातलेच आहे. बांगडा, तारली, कुपा हे मासे बर्फाशिवाय पडून राहिले की त्यांच्या मांसात हिस्टामिन नावाचा पदार्थ तयार होतो. असा मासा तळा, उकळा, भाजा, हिस्टामिन जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होते, डोके ठणकते, अंगाला खाज सुटते, छाती धडधडते. लोक म्हणतात "मासळी बाधली". बाधते ते बर्फावाचून पडून राहण्यामुळे तयार झालेले रसायन. घरच्या टाकीतल्या गोड्या पाण्याच्या माशांत हिस्टामिनचा धोका तितका नसतो. पण शिजवणे म्हणजे सगळ्या दोषांवरचा उपाय नव्हे, हे या उदाहरणावरून कळते.

आणखी एक गोष्ट. शोभेच्या दुकानांत कधीकधी फुग्यासारखा फुगणारा छोटा मासा विकायला असतो. या जातीच्या अनेक माशांच्या अंगात जहर असते. ते मज्जातंतूंवर परिणाम करते, ओठ बधिर होतात, श्वास थांबू शकतो. त्या जहरावर आचेचा काही उपयोग होत नाही. असा मासा जिवंत असो वा मेलेला, खाण्याचा विचारही करू नये.

बाटलीतले हिरवे-निळे थेंब

मासा मलूल झाला, अंगावर पांढरे ठिपके आले, पर झडू लागले की आपण दुकानात जातो. दुकानदार एक छोटी बाटली देतो आणि सांगतो, "चार थेंब टाका." त्या बाटलीत काय असते?

हिरवे थेंब बहुधा मॅलाकाइट ग्रीनचे असतात. हा मुळात कापड रंगवण्याचा रंग. बुरशी आणि परजीवी मारायला तो शोभेच्या माशांना देतात. पण तो माशाच्या मांसात आणि चरबीत शिरून दीर्घकाळ राहतो आणि शिजवल्याने निघून जात नाही. माणसाच्या आरोग्याला धोका नको म्हणून अनेक देशांनी खाण्याच्या माशांसाठी त्याचा वापर बंद केला आहे. निळे थेंब मेथिलीन ब्लूचे असतात. काही औषधांत फॉर्मेलिन असते. २०१८ साली गोव्यात मासळीत फॉर्मेलिन मारल्याच्या संशयावरून मोठा गोंधळ झाला आणि बाहेरून येणाऱ्या मासळीवर काही दिवस बंदी घालावी लागली. ज्या रसायनाच्या नुसत्या संशयाने बाजार बंद पडले, ते आपण घरच्या टाकीत औषध म्हणून ओतत असतो. शेवाळ मारायला काही जण मोरचूद टाकतात. काही पुड्यांत प्रतिजैविके असतात.

बाटलीवर बारीक अक्षरांत बहुधा लिहिलेले असते की हे औषध फक्त शोभेच्या माशांसाठी आहे. ती सूचना उगाच नसते.

आणि मासा आजारी असतानाच आपण औषध टाकतो. म्हणजे जो मासा मरतो, त्याच्या अंगात औषध असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. आपण टाकले नसले, तरी दुकानात आणण्याआधी त्याला काय दिले होते ते आपल्याला माहीत नसते. काही माशांच्या अंगात सुईने रंग टोचलेला असतो. काहींना रंग खुलावा म्हणून हार्मोन दिलेले असतात. खाद्यातल्या जिवंत लाल अळ्या घाण पाण्याच्या नाल्यातूनही गोळा केलेल्या असू शकतात. हे सगळे माशाच्या पोटातून मांसात जाते.

हातावरची न बरी होणारी गाठ

खाण्याचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी मेलेला मासा कापण्यातही एक धोका आहे. तो आपल्या वस्तीत ठाऊक असायला हवा.

१९२६ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातल्या मत्स्यालयात मेलेल्या माशांमध्ये एक जंतू सापडला. तो क्षयाच्या जंतूचा भाऊबंद आहे. त्याचे नाव मायकोबॅक्टेरियम मरिनम. तो टाकीच्या पाण्यात असू शकतो. हातावर चीर असेल, टाकी घासताना काचेने खरचटले असेल, माशाचा काटा टोचला असेल, तर तिथून तो कातडीत शिरतो. दोन ते चार आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, बोटावर किंवा मनगटावर एक लालसर, जांभळट गाठ येते. ती फार दुखत नाही, पण जातही नाही. कधी फुटते, कधी हाताने वर चढत दुसरी गाठ येते.

हा रोग एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. घाबरण्याचे कारण नाही, पण औषध काही महिने घ्यावे लागते. गडबड होते ती अशी, की आपण डॉक्टरांना माशांबद्दल सांगत नाही आणि साध्या मलमांवर महिने निघून जातात. म्हणून हातावर अशी गाठ आली, तर दवाखान्यात गेल्यावर पहिल्यांदा सांगा, "घरी माशांची टाकी आहे." या एका वाक्याने निदान लवकर होते.

टाकीत हात घालण्याआधी हातावरची जखम पाहा. जखम असेल तर हातमोजा घाला, नाहीतर काम दुसऱ्यावर सोपवा. नंतर साबणाने हात धुवा. टाकीचे पाणी तोंडाने नळी ओढून कधीही काढू नका. भांडी घासायची घासणी आणि टाकीची घासणी वेगळी ठेवा.

"आम्ही मारला नाही, मग काय हरकत?"

काही उपासक-उपासिका असा युक्तिवाद करतात की मासा आपोआप मेला, आपल्या हातून प्राणिहिंसा झाली नाही, तर खायला दोष कसला? आम्ही म्हणतो, शीलाचा प्रश्न आणि पोटाचा प्रश्न वेगळे ठेवा. आपण मारले नाही म्हणून आपले हात स्वच्छ असतील. पण माशाच्या पोटातले जंतू आणि अंगातले औषध आपल्या शीलाकडे पाहून निघून जात नाहीत.

मेलेल्या जनावराच्या मांसाचा विषय आपल्या समाजात साधा नाही, हेही आम्ही जाणतो. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावरांचे मांस खाणे सोडा असे सांगितले, हे आपल्या घरात लहानांनाही माहीत आहे. आपले पणजोबा ते मांस हौसेने खात नव्हते. मेलेले ढोर ओढण्याचे काम आणि त्याचे मांस हे गावगाड्याने त्यांच्या माथी मारले होते, आणि पोटात भूक होती. तो प्रश्न स्वाभिमानाचा होता. घरी पाळलेल्या माशाशी त्याची बरोबरी आम्ही करत नाही. पण जे आपोआप मेले ते ताटात नाही, ही रीत आपल्या घरांनी तेव्हापासून धरली. आरोग्याच्या बाजूनेही ती रीत शंभर टक्के बरोबर आहे.

कोंबड्यांचेही तेच. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा कोंबड्या मोठ्या संख्येने मारून पुराव्या लागल्या. घरची कोंबडी रात्रीत मरून पडली, तर तिचा रस्सा करू नये. तलावात, नदीत, खाडीत सकाळी मासे तरंगताना दिसले आणि लोक टोपल्या घेऊन धावले, तरी आपण जाऊ नये. इतके मासे एकदम मरतात ते पाण्यातला प्राणवायू संपल्यामुळे, नाहीतर कारखान्याचे पाणी किंवा कीटकनाशक मिसळल्यामुळे. यातले नेमके कोणते कारण, हे काठावर उभे राहून ओळखता येत नाही.

मग खाता येतो तो कोणता?

रोहू, कटला, चिलापी, मरळ असा खाण्याचा मासा जिवंत आणून पिंपात ठेवला आहे, तो चांगला पोहतो आहे, त्या पाण्यात कधीही औषध टाकलेले नाही, तर तो मारून लगेच साफ करून शिजवणे आणि बाजारातून जिवंत मासा आणून शिजवणे यात आरोग्याच्या दृष्टीने फरक नाही. फक्त तो मरण्याची वाट पाहू नये. खायचा आहे की पाळायचा आहे, हे आधी ठरवा. मुलांनी त्याला नाव ठेवले असेल, तर मात्र तो पाळायचाच असे समजा.

शोभेच्या दुकानातून आणलेला मासा जिवंत असला तरी खाण्यासाठी नव्हे.

मेलेल्या माशाचे काय करायचे?

हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून किंवा जाळीने मासा बाहेर काढा. उशीर करू नका, कारण तो सडला की बाकीच्या माशांनाही मारतो. आसपास मोकळी माती असेल तर हातभर खोल खड्ड्यात पुरा, वर दगड ठेवा म्हणजे कुत्रे-मांजर उकरणार नाही. पाण्याच्या पाइपाजवळ आणि विहिरीजवळ पुरू नका. माती नसेल तर दोन-तीन कागदांत गुंडाळून ओल्या कचऱ्यात, घंटागाडी यायच्या वेळी द्या. गटारात, नाल्यात, संडासात टाकू नका.

टाकीत आणखी मासे असतील तर पाव भाग पाणी बदला. ज्या टाकीत औषध किंवा मीठ टाकले नव्हते ते पाणी झाडांना घाला, त्यात चांगले खत असते. औषधाचे पाणी झाडांना नको, मोरीत ओता.

पिंपातला गप्पी मेला तर? गप्पी डासांच्या अळ्या खातात, म्हणून डेंग्यू-मलेरियाच्या दिवसांत ते उपयोगी आहेत. पण ते वापराच्या पाण्यात, हौदात, वापरात नसलेल्या विहिरीत सोडायचे असतात. पिण्याच्या पाण्यात नाही. चुकून पिण्याच्या पिंपात मासा मेला, तर ते पाणी पिऊ नका, स्वयंपाकाला घेऊ नका. पिंप रिकामे करा, घासा, उन्हात वाळवा, मग भरा.

आणि कंटाळा आला म्हणून जिवंत मासे तलावात किंवा नदीत सोडू नका. यात पुण्य नाही. टाकी साफ करतो म्हणून विकला जाणारा सकर मासा आज उजनीसारख्या धरणांत पसरला आहे. तो जाळी फाडतो, खाण्याच्या माशांची जागा घेतो, आणि मासेमारीवर जगणाऱ्या घरांचे नुकसान होते.

खाल्ला गेला असेल तर

कुणी आधीच खाल्ला असेल तर घरात भांडण नको. नीट शिजवलेला थोडा मासा निरोगी मोठ्या माणसाने खाल्ला, तर बहुतेक वेळा काही होत नाही. दोन-तीन दिवस लक्ष ठेवा. उलटी-जुलाब झाले तर पाणी कमी पडू देऊ नका. ओआरएसची पुडी आशाताईंकडे किंवा सरकारी दवाखान्यात मिळते. ती नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट-घोट पाजा. जुलाब बंद करणाऱ्या गोळ्या मनाने देऊ नका.

जुलाबात रक्त दिसले, ताप चढला, पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी कमी झाली, ओठ-जीभ बधिर झाली, धूसर दिसू लागले, श्वासाला त्रास झाला, तर थांबू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट मोठ्या दवाखान्यात जा. माशाला जे औषध दिले होते त्याची बाटली बरोबर न्या. लहान मूल, गरोदर बाई, म्हातारे माणूस, मधुमेहाचा, यकृताचा किंवा क्षयाचा रुग्ण यांच्या बाबतीत साध्या लक्षणांवरही डॉक्टरांना दाखवा.

मासा का मेला, हे शोधा

टाकीत ठेवलेला मासा मेला की त्याने घरावरचे संकट अंगावर घेतले, असे काही दुकानदार सांगतात आणि लगेच दुसरा मासा विकतात. महागडा फ्लॉवरहॉर्न किंवा अरोवाना तर नशीब उघडते म्हणूनच विकला जातो. हे खरे नाही. माशाने संकट घेतलेले नसते. तो बहुधा स्वतःच्याच मूत्राने मेलेला असतो.

मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर टाकतो. नदीत तो वाहून जातो. बरणीत तो साठतो आणि माशाचे कल्ले जाळतो. मोठ्या टाकीत काही चांगले जंतू वाढतात आणि अमोनियाचे कमी घातक पदार्थांत रूपांतर करतात. पण ते जंतू नीट वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून नव्या टाकीत एकदम सहा मासे सोडले की ते पहिल्याच महिन्यात मरतात. गोल्डफिश नीट ठेवला तर दहा वर्षेही जगतो. आपल्याकडे तो महिन्यात मरतो, याचे कारण बरणी.

दुसरे कारण नळाचे पाणी. पालिका पाण्यात क्लोरीन घालते. ते आपल्या आरोग्यासाठी गरजेचे आहे, पण माशाचे कल्ले त्याने भाजतात. नळाचे पाणी आले की टाकीसाठीचे पाणी रुंद तोंडाच्या बादलीत वेगळे काढा, वर फडके बांधा म्हणजे डास अंडी घालणार नाहीत, आणि एक दिवस ठेवून मग वापरा.

तिसरे कारण जास्त खाद्य. मुले दिवसातून पाच वेळा चिमूट-चिमूट टाकतात. जे खाल्ले जात नाही ते तळाशी सडते. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच द्या. पाणी पूर्ण बदलू नका. आठवड्याला पाव भाग बदला.

एवढे केले तर मासा जगेल, दुकानदाराचा खर्च वाचेल आणि मेलेल्या माशाचा प्रश्न वारंवार पडणार नाही.

मुलांना काय सांगायचे?

ज्या मुलाने त्या माशाला रोज खाऊ घातला, त्याच्यासमोर तो कापून कढईत टाकू नका. मुले कालवण विसरत नाहीत. "झोपला आहे" किंवा "देवाघरी गेला" असेही सांगू नका. मेला आहे, तो परत येणार नाही, सगळे जीव कधीतरी मरतात, हे साध्या शब्दांत सांगा. किसा गोतमीची गोष्ट आपल्या घरात सांगितली जाते, ती याच वेळी सांगण्यासारखी आहे. मूल रडले तर रडू द्या. मासा पुरताना त्याला बरोबर घ्या आणि नंतर साबणाने हात धुवायला लावा. मग तो का मेला असेल, हे त्याच्याबरोबर शोधा. पुढचा मासा आणायचा असेल तर आधी मोठी टाकी, मग मासा, हे त्याला त्यातूनच कळेल.

भिंतीवर लावण्यासाठी

• आपोआप मेलेला मासा, कोंबडी किंवा कोणताही प्राणी खाऊ नये.
• उकळल्याने जंतू मरतात. विष आणि औषध जात नाही.
• शोभेचा मासा खाण्यासाठी नाही, जिवंत असला तरी.
• मेलेला मासा पुरा किंवा ओल्या कचऱ्यात द्या. गटारात नको.
• हातावर न जाणारी गाठ आली तर डॉक्टरांना टाकीबद्दल सांगा.
• पिण्याच्या पाण्यात मासे सोडू नका.
• बरणी नको, मोठी टाकी. रोज एकदाच खाद्य. आठवड्याला पाव भाग पाणी.

अर्धा किलो मासा पुरताना जीव हळहळतो, हे आम्हाला मान्य आहे. पण एका मुलाला जुलाबांनी सलाइन लावायची वेळ आली, तर आई-बापाची दोन दिवसांची मजुरी बुडते. तो मासा खाण्याने घराचे पैसे वाचत नाहीत. हे पान रविवारी विहारात वंदनेनंतर मोठ्याने वाचून दाखवा, म्हणजे ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापर्यंतही ते पोहोचेल.